धर्मगुरूविना अडीचशे वर्षे : नागासाकीच्या भाविकांनी जतन केलेली श्रद्धा

संकटकाळी श्रद्धा ढळू देऊ नये, असे आपण प्रवचनांतून वारंवार ऐकतो. परंतु श्रद्धा ढळू न देणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे, हे क्वचितच उलगडून सांगितले जाते. घरातील कर्त्या माणसाचे अकाली निधन, वर्षानुवर्षे न हटणारा आजार, अचानक गेलेली नोकरी किंवा धर्मामुळे वाट्याला आलेली उपेक्षा, अशा प्रसंगी 'देवावर विश्वास ठेवा' एवढ्याने भागत नाही. दुःखात बुडालेल्या माणसाला प्रार्थना करावीशीही वाटत नाही. श्रद्धा ही केवळ एक भावना असती, तर त्या भावनेच्या ओहोटीबरोबर तीही संपून गेली असती.

ख्रिस्तसभेचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. श्रद्धा ही माणसांच्या, शब्दांच्या आणि सवयींच्या आधाराने टिकते. भावना आटल्यावरही हे आधार शिल्लक राहतात आणि माणसाला पैलतीरी नेतात. ह्याचे ठळक उदाहरण म्हणजे जपानमधील नागासाकी परिसरातील ख्रिस्ती समाज. धर्मगुरू नाहीत, मंदिर नाही, मिस्साबलिदान नाही, पवित्र शास्त्राची प्रत नाही, अशा स्थितीत ह्या शेतकऱ्यांनी व कोळ्यांनी दोनशे वर्षांहून अधिक काळ आपली श्रद्धा सांभाळली. त्यांनी ती नेमकी कशी सांभाळली, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे. आपल्या महाराष्ट्राचे ह्या कथेशी जवळचे नाते आहे, कारण तिच्या आरंभी वसईचा एक सुपुत्र उभा आहे.

वसईचा सुपुत्र आणि नागासाकीची टेकडी

संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. त्यांच्याबरोबर आंजिरो नावाचा जपानी गृहस्थ होता. त्याचा बाप्तिस्मा आदल्याच वर्षी, १५४८ साली, गोव्यात झाला होता. पुढील काही दशकांत जपानमध्ये, विशेषतः क्युशू बेटावर, ख्रिस्ती धर्माचा झपाट्याने प्रसार झाला.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसई येथे झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई इथल्याच मातीतील. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले आणि किशोरवयातच ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा उत्तम आत्मसात केली व धर्मशिक्षक म्हणून काम केले. काही काळ व्यापारात घालवल्यानंतर ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानला आले.

जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ सालीच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. १५९६ च्या अखेरीस त्याचा रोष पुन्हा उफाळून आला. क्योतो व ओसाका येथून पकडलेल्या ख्रिस्ती बंदिवानांचे कान कापून त्यांची धिंड काढण्यात आली आणि ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक होते. वीस जण जपानी होते. लुईस इबाराकी हा तर अवघा बारा वर्षांचा होता. पॉल मिकी यांनी क्रुसावरून लोकांना उपदेश केला आणि आपल्या मारेकऱ्यांना क्षमा केली. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी ह्या २६ जणांना संतपद बहाल केले. अशा प्रकारे संत गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले संत ठरले.

रक्तसाक्षींची कथा येथे संपते आणि आपण बहुधा येथेच थांबतो. वास्तविक त्यानंतर जे घडले, ते आपल्यासारख्या सामान्य भाविकांना अधिक शिकवणारे आहे. क्रुसावर प्राण देणे हा एका दिवसाचा प्रसंग होता. जे मागे राहिले, त्यांना रोज उठून जगायचे होते.

बंदी कशी अमलात आली

१६१४ साली तोकुगावा शासनाने ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी घातली. तेव्हा जपानमधील ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे तीन लाख असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. धर्मगुरूंना हद्दपार करण्यात आले. जे लपून राहिले किंवा गुप्तपणे परत आले, ते एकामागून एक पकडले गेले. त्यांतील पेत्रुस किबे यांची कहाणी विलक्षण आहे. हद्दपारीनंतर ते मकाव येथे व तेथून गोव्यात आले. पुढे खुष्कीच्या मार्गाने जेरुसलेमला जाऊन त्यांनी रोम गाठले आणि १६२० साली तेथे गुरुदीक्षा घेतली. आपल्या लोकांना धर्मगुरू हवा, ह्या एकाच तळमळीने ते १६३० साली जपानला परतले आणि १६३९ साली रक्तसाक्षी झाले. २४ नोव्हेंबर २००८ रोजी नागासाकी येथे त्यांना व त्यांच्या १८७ सहकाऱ्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. १६४४ च्या सुमारास जपानमधील शेवटच्या धर्मगुरूचाही अंत झाला.

सामान्य लोकांसाठी शासनाने एक बारीक विणीचे जाळे तयार केले. प्रत्येक कुटुंबाने बौद्ध मंदिरात आपली नोंद करणे सक्तीचे होते. पाच-पाच घरांचे गट करून एका घराच्या अपराधाबद्दल पाचही घरांना जबाबदार धरले जाई. ख्रिस्ती व्यक्तीची खबर देणाऱ्यास बक्षीस मिळेल, असे फलक चव्हाट्यावर लावलेले असत. नागासाकी परिसरात दरवर्षी नववर्षाच्या सुमारास प्रत्येकाला ख्रिस्ताच्या किंवा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचे सिद्ध करावे लागे. ह्या प्रतिमेला 'फुमिए' म्हणत. ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती.

श्रद्धा जतन करण्याची रीत

अशा परिस्थितीत श्रद्धा टिकली, ती केवळ मनोधैर्याच्या बळावर नव्हे. छळाची चाहूल लागण्यापूर्वीच धर्मगुरूंनी प्रापंचिकांची बंधुमंडळे स्थापन केली होती. आजाऱ्यांची सेवा, मृतांचे दफन आणि सामूहिक प्रार्थना ही त्यांची कामे. धर्मगुरू नाहीसे झाले तेव्हा हीच मंडळे गुप्त ख्रिस्तसभेचा कणा बनली.

उराकामी खेड्यातील रचना पाहिली म्हणजे त्या लोकांचे शहाणपण लक्षात येते. गावाचा एक प्रमुख असे, त्याला 'चोकाता' म्हणत. दिनदर्शिका सांभाळणे व प्रार्थना शिकवणे हे त्याचे काम. दुसरा 'मिझुकाता', म्हणजे पाण्याचा मनुष्य. तो बालकांना बाप्तिस्मा देई. तिसरा 'किकियाकु', म्हणजे निरोप्या. कोणता सण कधी आहे, कोणत्या दिवशी काम वर्ज्य आहे, हे तो घरोघर जाऊन कानात सांगे. तीन माणसे आणि तीन जबाबदाऱ्या. त्यांत कोणी विद्वान नव्हता, परंतु प्रत्येकाला आपले काम ठाऊक होते.

बाप्तिस्मा हा त्यांच्या जीवनाचा पाया होता. निकडीच्या वेळी कोणीही मनुष्य बाप्तिस्मा देऊ शकतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण प्राचीन आहे. त्यासाठी खरे पाणी, त्रैक्याच्या नावाने उच्चारलेले विहित शब्द आणि ख्रिस्तसभा जे करते ते करण्याचा हेतू, एवढे आवश्यक असते. ही शिकवण त्या लोकांनी शब्दशः अंगीकारली. पोप फ्रान्सिस यांनी १५ जानेवारी २०१४ रोजी बाप्तिस्म्यावर बोलताना ह्याच जपानी समाजाचे उदाहरण जगापुढे ठेवले होते.

दिनदर्शिका हा दुसरा आधार. बास्तियान नावाच्या जपानी धर्मशिक्षकाने ती तयार केली, असे परंपरा सांगते. त्या दिनदर्शिकेमुळे नाताळ केव्हा, प्रायश्चित्तकाळ केव्हा सुरू होतो आणि पुनरुत्थानाचा सण केव्हा येतो, हे पिढ्यानपिढ्या कळत राहिले. सात पिढ्यांनंतर काळ्या जहाजांतून पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू येतील, अशी आशाही बास्तियानच्या नावाने घरोघर सांगितली जाई.

तिसरा आधार प्रार्थनेचा. त्या प्रार्थनांना ते 'ओराशो' म्हणत. लॅटिन भाषेतील प्रार्थनावाचक शब्दाचेच हे जपानी रूप. ह्या प्रार्थना लिहून ठेवणे धोक्याचे होते, म्हणून त्या तोंडपाठ करून मुलांना शिकवल्या जात. बालकाला कडेवर घेतलेल्या बौद्ध करुणादेवीच्या मूर्तीसमोर बसून ते मनोमन पवित्र मरियेला विनवीत. कालौघात अनेक लॅटिन शब्दांचा अर्थ विसरला गेला, उच्चारही बदलले. पण ज्या आजीला शब्दाचा अर्थ कळत नव्हता, तिला तो शब्द कोणाला उद्देशून आहे हे पक्के ठाऊक होते.

ज्यांनी प्रतिमेवर पाय ठेवला त्यांचे काय?

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे गुप्त ख्रिस्ती जिवंत राहिले, कारण त्यांतील बहुतेकांनी दरवर्षी त्या प्रतिमेवर पाय ठेवला. ज्यांनी नकार दिला, ते रक्तसाक्षी झाले. मग ज्यांनी पाय ठेवला, त्यांची श्रद्धा खोटी होती काय? जपानी कॅथलिक लेखक शुसाकु एन्दो यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या 'चिन्मोकु' ह्या कादंबरीत हाच प्रश्न मांडला आणि तो जगभर गाजला.

आपल्या कृतीकडे ते लोक कसे पाहत होते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. आम्ही काही वावगे केले नाही, असे ते म्हणत नसत. घरी परतल्यावर ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. १६०३ साली, बिशप लुईस सेर्केइरा यांच्या कारकिर्दीत, परिपूर्ण पश्चात्तापाविषयी एक छोटी पुस्तिका जपानी भाषेत तयार झाली होती. तिच्या हस्तलिखित प्रती आणि तिच्यातील प्रार्थना पिढ्यानपिढ्या जपल्या गेल्या.

परिपूर्ण पश्चात्ताप म्हणजे काय? शिक्षेच्या भीतीने नव्हे, तर ज्या देवाने आपल्यावर इतके प्रेम केले त्याला आपण दुखावले, ह्या जाणिवेने झालेले दुःख. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली ही शिकवण स्पष्ट केली आणि आजच्या 'कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथा'तही ती आहे (परिच्छेद १४५२). अशा पश्चात्तापाने गंभीर पापांचीही क्षमा मिळते. मात्र शक्य होताच धर्मगुरूंकडे जाऊन पापनिवेदन करीन, असा दृढ निश्चय त्यात असला पाहिजे. ही अट नागासाकीच्या भाविकांना ठाऊक होती. म्हणून प्रत्येक पश्चात्ताप त्यांना भविष्यकाळाशी जोडत होता. केव्हातरी धर्मगुरू येतील आणि आम्ही पापनिवेदन करू, ही आशा त्यांच्या पश्चात्तापातच गुंफलेली होती.

नाकारणे हे नाकारणेच असते. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, तेव्हा शुभवर्तमानकारांनी ते झाकून ठेवले नाही. पण पेत्र बाहेर जाऊन रडला आणि पुढे समुद्रकिनारी प्रभूने त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारून पुन्हा उभे केले (योहान २१). संकटात आपले पाऊल घसरले, प्रार्थना सुटली, देवाविषयी कडू शब्द तोंडून गेले, म्हणून आता आपली श्रद्धा संपली असे मानणे हा मोठा धोका आहे. जो पडला त्याचे परतण्याचे दार उघडे असते. त्या शेतकऱ्यांनी दोनशे वर्षे परतीची वाट मोडू दिली नाही.

१७ मार्च १८६५

१८५८ च्या करारानंतर परदेशी नागरिकांना जपानच्या काही बंदरांत राहण्याची व आपल्यापुरते उपासनामंदिर बांधण्याची मुभा मिळाली. पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेच्या धर्मगुरूंनी नागासाकीतील ओउरा येथे चर्च बांधले आणि ते २६ रक्तसाक्षींना अर्पण केले. जपानी लोकांवरील बंदी अद्याप कायम होती.

१७ मार्च १८६५ रोजी दुपारी उराकामीची काही माणसे चर्चपाशी आली. फादर बर्नार्ड पतीझाँ त्यांना आत घेऊन गेले व प्रार्थनेसाठी गुडघे टेकून बसले. तेव्हा एक स्त्री जवळ आली आणि तिने हलक्या आवाजात सांगितले की, येथे आलेल्या आम्हा सर्वांचे अंतःकरण तुमच्या अंतःकरणासारखेच आहे. मग तिने पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. बाळ येशूला घेतलेली मरिया पाहताच त्या मंडळींची खात्री पटली. आलेल्या धर्मगुरूंची पारख कशी करावी, हेही त्यांच्या पूर्वजांनी सांगून ठेवले होते : ते पवित्र मरियेचा आदर करतात काय, ते रोमच्या पोप महोदयांना मानतात काय आणि ते ब्रह्मचारी आहेत काय.

त्या भेटीतील एक तपशील मनाला थक्क करतो. आम्ही सध्या दुःखाचा काळ पाळत आहोत व आज त्याचा सतरावा दिवस आहे, असे त्या लोकांनी फादरांना सांगितले. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्च रोजी होता. म्हणजेच १७ मार्च हा प्रायश्चित्तकाळाचा सतरावाच दिवस! दोन शतके रोमशी एका पत्राचाही संबंध नसताना हे लोक साऱ्या ख्रिस्तसभेबरोबर त्याच दिवशी तेच व्रत पाळत होते.

अर्थात सर्व काही अबाधित राहिले होते असे नव्हे. काही ठिकाणी बाप्तिस्म्याचे शब्द इतके बदलले होते की धर्मगुरूंना ते तपासून पाहावे लागले. इकित्सुकीसारख्या बेटांवरील काही घराणी पुढे कॅथलिक ख्रिस्तसभेत परतलीच नाहीत. पूर्वजांनी दिलेली रीत जशीच्या तशी पाळणे हाच त्यांना धर्म वाटला. एकाकी राहिलेली श्रद्धा हळूहळू आपल्यातच मिटत जाऊ शकते, हा इशाराही ह्या इतिहासात आहे.

'प्रवास' आणि परतीनंतरची सेवा

भाविक उजेडात आले आणि छळ पुन्हा सुरू झाला. १८६७ साली उराकामीतील अटकसत्र सुरू झाले. पुढल्या वर्षी सत्ता बदलून मेईजी शासन आले, तरी धोरण बदलले नाही. तीन हजारांहून अधिक ग्रामस्थांना जपानच्या निरनिराळ्या भागांत हद्दपार करण्यात आले. त्सुवानो येथे काहींना बर्फाळ तळ्यात उभे केले गेले, काहींना अंग सरळ करता येणार नाही अशा पिंजऱ्यांत कोंडले गेले. सहाशेहून अधिक जण परत आलेच नाहीत. वाचलेल्यांनी ह्या हद्दपारीला साधे नाव दिले, 'प्रवास'.

पाश्चात्त्य राष्ट्रांच्या दबावामुळे १८७३ साली बंदीचे फलक काढले गेले आणि उराकामीची माणसे गावी परतली. घरे मोडली होती, शेते ओसाड पडली होती. पुढच्याच वर्षी परिसरात आमांशाची साथ आली. तेव्हा हद्दपारी भोगून आलेल्या इवानागा माकी आणि तिच्या मैत्रिणी रुग्णांच्या सेवेला धावल्या व अनाथ मुलांना त्यांनी आपल्या घरी आणले. त्यांच्या ह्या कार्यातूनच पुढे धर्मभगिनींचा एक समूह उभा राहिला. ज्यांना स्वतःला सहानुभूतीची गरज होती, त्यांनीच इतरांना ती दिली.

कालांतराने उराकामीच्या भाविकांनी गावच्या मुखियाच्या वाड्याची जागा विकत घेतली. ह्याच वाड्यात दरवर्षी त्यांच्या पूर्वजांना प्रतिमेवर पाय ठेवावा लागत असे. त्या जागी त्यांनी चर्च बांधायला घेतले व १९१४ साली ते पूर्ण झाले.

९ ऑगस्ट १९४५ : देवाची इच्छा की माणसाचे कृत्य?

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. उराकामीचे चर्च स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे अर्धा किलोमीटर अंतरावर होते. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला असल्याने त्या वेळी तेथे पापनिवेदन चालू होते. आतील सर्व जण मृत्युमुखी पडले. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी अंदाजे ८,५०० जणांचा ह्या बॉम्बने बळी घेतला. अडीच शतके जे शासनाला साधले नाही, ते एका क्षणात घडल्यासारखे वाटले.

डॉ. ताकाशी नागाई हे नागासाकीच्या वैद्यकीय महाविद्यालयात क्ष-किरणतज्ज्ञ होते. १९३४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. त्यांची पत्नी मिदोरी ही उराकामीच्या 'चोकाता' घराण्यातील होती. क्ष-किरणांच्या सतत संपर्कामुळे डॉक्टरांना आधीच रक्ताचा कर्करोग जडला होता. बॉम्ब पडल्यावर स्वतः जखमी असूनही ते रुग्णांवर उपचार करत राहिले. घरी पोहोचले तेव्हा राखेत त्यांना पत्नीच्या अस्थी सापडल्या व जवळच तिची वितळलेली जपमाळ. पुढे दोन लहान मुलांसह ते एका छोट्या झोपडीत राहिले. त्यांनी तिला 'न्योकोदो' हे नाव दिले. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याच्या आज्ञेची आठवण त्या नावात आहे. अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत त्यांनी पुस्तके लिहिली आणि १ मे १९५१ रोजी त्यांचे निधन झाले.

२३ नोव्हेंबर १९४५ रोजी, चर्चच्या भग्नावशेषांपाशी मृतांसाठी मिस्सा अर्पण झाली. त्या वेळी केलेल्या भाषणात डॉ. नागाई यांनी उराकामीच्या मृतांकडे देवाला वाहिलेला होमबली म्हणून पाहिले. अनेक शोकाकुल कुटुंबांना त्यामुळे धीर मिळाला. आपली माणसे निरर्थक मेली नाहीत, हा दिलासा त्यांना हवा होता. परंतु काहींना हे विचार पटले नाहीत. अशाने बॉम्ब टाकणाऱ्यांचा व युद्ध पुकारणाऱ्यांचा दोष झाकला जातो, असा आक्षेप घेतला गेला. पोप दुसरे जॉन पॉल फेब्रुवारी १९८१ मध्ये जपानला आले, तेव्हा हिरोशिमा येथे त्यांनी युद्ध हे मानवाचे कृत्य आहे, असे स्पष्टपणे सांगितले. त्या शब्दांनी अनेक कॅथलिक बॉम्बपीडितांच्या मनावरचे ओझे हलके झाले.

ह्या दोन भूमिकांतील अंतर संकटात सापडलेल्या प्रत्येकाने समजून घेण्याजोगे आहे. देवाने हे दुःख धाडले, असे म्हणणे एक आणि देव ह्या दुःखातही माझ्यापाशी आहे व ह्यातून तो काही घडवू शकतो, असे म्हणणे दुसरे. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात दुसरी गोष्ट सांगतो. संकट, छळ, उपासमार व तलवार ह्यांना तो चांगले म्हणत नाही. ह्यांतील काहीही आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून तोडू शकत नाही, असे तो ठामपणे सांगतो. म्हणूनच मूल गमावलेल्या आईला 'देवाची इच्छा' म्हणून गप्प बसवणे ख्रिस्ती सांत्वन नव्हे. प्रभू येशू लाजरसच्या कबरीपाशी प्रथम रडला.

ढिगाऱ्यातून चर्चची एक घंटा शाबूत सापडली आणि १९४५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला भाविकांनी ती वाजवली. १९५९ साली चर्च पुन्हा उभे राहिले. दुसरी, नष्ट झालेली घंटा अमेरिकेतील कॅथलिकांच्या देणगीतून नव्याने घडवण्यात आली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी, स्फोटाच्या ८० व्या स्मृतिदिनी, ११ वाजून २ मिनिटांनी दोन्ही घंटा एकत्र निनादल्या.

आपल्यासाठी बोध

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे आपल्याकडील चर्चची दारे भाविकांसाठी बंद झाली. त्या वर्षीचा पवित्र आठवडा आपण घरांतच पाळला. २० मार्च २०२० रोजी रोमच्या प्रायश्चित्तविषयक न्यायासनाने एक सूचनापत्र काढून, पापनिवेदन अशक्य असताना परिपूर्ण पश्चात्तापाने क्षमा मिळते, ही शिकवण साऱ्या जगाला पुन्हा सांगितली. उराकामीच्या निरक्षर आज्यांना जे मुखोद्गत होते, ते आपल्यापैकी अनेकांनी त्या दिवसांत प्रथमच ऐकले. म्हणून संकट येण्यापूर्वीच काही गोष्टी हाताशी असाव्यात.

पहिली गोष्ट, प्रार्थना तोंडपाठ असाव्यात. दुःखाच्या भरात स्वतःचे शब्द सुचत नाहीत. तेव्हा लहानपणी पाठ केलेली प्रार्थनाच आपल्या वतीने बोलते. आपल्या मुलांना पश्चात्तापाची प्रार्थना आणि जपमाळेची रहस्ये पुस्तकात न पाहता म्हणता येतात काय, हे प्रत्येक घराने पाहावे.

दुसरी, ख्रिस्तसभेचे वर्ष घरात पाळले जावे. ज्या घरात दुःखामुळे सण करावासा वाटत नाही, त्या घरातही आगमनकाळाची मेणबत्ती लावता येते, शुक्रवारचा उपवास धरता येतो. आपण एकटे नाही, सारी ख्रिस्तसभा आज हेच करीत आहे, ही जाणीव त्यातून मिळते.

तिसरी, निकडीचा बाप्तिस्मा कसा द्यावा आणि परिपूर्ण पश्चात्ताप म्हणजे काय, हे प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीला ठाऊक असावे. रुग्णालयातील परिचारिकांना व आईवडिलांना तर ते अवश्य माहीत हवे.

चौथी आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची, प्रत्येक वस्तीत एक 'निरोप्या' असावा. जो मनुष्य मिस्साला येईनासा झाला, ज्या घरात मृत्यू झाला, ज्या तरुणाची नोकरी गेली, त्याच्या दारी जाऊन कोणीतरी हलकेच विचारपूस करावी. आपल्या लहान ख्रिस्ती समूहांचे खरे काम हेच आहे. संकटात सापडलेल्या माणसाला तत्काळ उत्तरे नको असतात, त्याला कोणीतरी आठवणीने आलेले हवे असते. काही काळ त्याला स्वतः प्रार्थना करता आली नाही, तर त्याच्या वतीने इतरांनी ती करावी. कपर्णहूमच्या पक्षघाती माणसाला चौघांनी छपरातून खाली सोडले, तेव्हा प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, असे मार्क सांगतो (मार्क २:५). त्या रुग्णाला स्वतःच्या पायांनी येता आले नसते.

२०१८ साली नागासाकी परिसरातील गुप्त ख्रिस्ती लोकांची स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. २४ नोव्हेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी निशिझाका टेकडीवर रक्तसाक्षींना अभिवादन केले. त्याच टेकडीवर आपल्या वसईच्या पुत्राने रक्त सांडले. दरवर्षी फेब्रुवारीत त्यांचा सण येतो. तेव्हा त्यांच्या धैर्याचे स्मरण तर करावेच, पण त्यांच्या मागे राहिलेल्या त्या अनाम मिझुकातांचे आणि किकियाकूंचेही करावे. आपल्या हयातीत धर्मगुरू आलेले त्यांतील बहुतेकांना पाहायला मिळाले नाहीत. तरीही त्यांनी बालकाच्या मस्तकावर पाणी ओतले, मुलाला प्रार्थना शिकवली आणि शेजाऱ्याच्या कानात सणाचा दिवस सांगितला. संत गोन्सालो गार्सिया यांच्या मध्यस्थीने तशीच चिवट आणि नम्र श्रद्धा परमेश्वर आपल्या कुटुंबांना देवो.